चिठ्ठीत आलेलं ‘नसावे’

आभार मानण्यात मी पहिल्यापासून पुढे. शाळेत फारसा पुढे गेलो नाही, सातवीला थांबलो. पण आभाराच्या बाबतीत मला कुणी मागे टाकलेलं नाही. रिक्षावाल्याने सुटे पैसे परत दिले तरी मी ‘उपकार झाले’ म्हणतो. परमुलखात राहणाऱ्या माणसाला ही खोड लागतेच. समोरच्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच धन्यवाद देऊन ठेवायचे. कुठे ना कुठे लागू पडतात.

आमचं गाव लातूरच्याही पुढे, कर्नाटकच्या हद्दीला चिकटून. सातवीपर्यंतची शाळा गावात, आठवीची नदीपलीकडे. नदीवरचा पूल मंजूर होता. मी शाळेत होतो तेव्हाही मंजूर होता आणि परवा गावी गेलो तेव्हाही मंजूरच होता. मग एका लांबच्या चुलत्याने मला नालासोपाऱ्याला, आचोळ्यात आणलं. चुलता एका चार मजली सोसायटीच्या जिन्याखाली इस्त्री करायचा. गुडघे गेले तसा तो गावी परतला आणि टेबल, कोळशाची इस्त्री, जिन्याखालची ती जागा, सगळं माझ्याकडे आलं. माझ्यापेक्षा चांगली घडी घालणारे आचोळ्यात पुष्कळ असतील. पण ते त्या चुलत्याचे पुतणे नव्हते.

सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहत. मूळचे कोकणातले, मुंबईत एका मोठ्या कंपनीत नोकरीला. माणूस सरळ, कुणाचा रुपया बुडवणार नाही. दर दिवाळीला ते मला आठवणीने सांगत, “जिन्याखालची जागा ही सोसायटीची मेहेरबानी आहे हां, हक्क नाही.” आणि दर दिवाळीला मी त्यांचे आभार मानत असे. मनात भीती मात्र असे. मेहेरबानी कधी संपते ते आधी कळवण्याची पद्धत नसते.

संध्याकाळी कामावरून परतलेली मंडळी कपडे न्यायला थांबत, आणि थांबली की बोलत. जून-जुलै आला की बोलायला विषय एकच, अ‍ॅडमिशन. कुणाला किती टक्के, कुणाचं कुठे हुकलं, आणि कुणाला कसल्या दाखल्यावर मिळालं. दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती आणि आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांना इंजिनिअर हवा होता.

“मला जातीपातीचं काही नाही रे,” सेक्रेटरी म्हणत. “माझ्या घरात कुणीही येऊन पाणी पितं. पण जागा मार्कांवर मिळाली पाहिजे. ज्याची लायकी त्याची जागा. आज्याने सोसलं म्हणून नातवाला सीट, हा कुठला न्याय?”

ते स्वतः कंपनीत वडिलांच्या जागी लागले होते. वडील निवृत्त झाले आणि हे चिकटले. ही हकिकत त्यांनीच मला वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. दोन्ही गोष्टी ते मनापासून सांगत, आणि एकीचं दुसरीशी काही नातं असेल असं त्यांच्या मनातही येत नसे. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही येत नसे. त्यांना हो-हो करायला चौथ्या मजल्यावरचे एक काका असत. “मागे राहिलेल्याला हात द्या हो,” ते म्हणत, “पण जागा कशाला द्यायची?” टँकर आला की पहिलं पाणी चौथ्या मजल्याला सोडावं, कारण वर चढेपर्यंत प्रेशर राहत नाही, असा त्यांचा दर मीटिंगमध्ये अर्ज असे.

माझं मत कुणी विचारत नसे, आणि मला ते नव्हतंही. मी शर्टाच्या कॉलरवर पाणी मारायचो आणि ज्याची पाळी असेल त्याला ‘बरोबर आहे साहेब’ म्हणायचो.

अशात माझी भाची आली. थोरल्या बहिणीची मुलगी, दहावीला तिकडच्या केंद्रात पहिली आलेली. बहिणीने एस.टी.त बसवून दिलं आणि मला निरोप पाठवला, “लेकरू हुशार हाय. मला ते झेपंना. तू बग.” मी काय बघणार? आमची चाळीतली खोली म्हणजे एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला नवरा-बायकोचं भांडण, आणि मध्ये आम्ही. म्हणून कॉलेजातून आली की ती जिन्याखाली यायची. दोरीवर टांगलेल्या शर्टांच्या मागे एक खोकं उपडं घालून दिलं होतं, वर जिन्याचा दिवा होता. तिथे बसून तिने अकरावी-बारावी केली. पुढून बघणाऱ्याला फक्त शर्ट दिसत.

सेक्रेटरींचा मुलगाही तिच्याच वर्षाला होता. त्याला अंधेरीचा क्लास होता. त्या क्लासच्या नोट्स आमच्याकडे कशा यायच्या ते सांगायला हवं. सेक्रेटरींच्या बायको, वहिनी म्हणायचो मी त्यांना, सोमवारी कपड्यांचं बोचकं घेऊन खाली येत. त्या म्हणत, “खालचे कपडे जरा जपून.” खालच्या चादरीत नोट्स असत. भाची दोन दिवसांत उतरवून घ्यायची आणि नोट्स इस्त्रीच्या कपड्यांबरोबर घडी न मोडता वर जायच्या. वहिनी यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. मी आभार मानायला तोंड उघडलं की म्हणायच्या, “पँटची क्रीज नीट आली नव्हती मागच्या वेळी.”

भाचीला इंजिनिअर व्हायचं होतं. आमची जात सरकारच्या यादीत आहे. त्या जोरावर राखीव जागा मिळाली तर मुंबईचं सरकारी कॉलेज आणि फी नावापुरती. ती नाही मिळाली तर खाजगी कॉलेज, म्हणजे आमच्यासाठी काहीच नाही. परत गाव, आणि मग लग्न. तिकडे बहीण जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या पायऱ्या झिजवत होती. सगळं त्या एका जागेवर टांगलेलं होतं, आणि बहिणीला तोंड दाखवायचं होतं मला.

सोसायटीची सत्यनारायणाची पूजा दरवर्षी होई. गावाला गेलेली मंडळी परतली की जूनच्या पहिल्या रविवारी, कंपाउंडमध्ये मांडव घालून. पूजेनंतर संगीतखुर्ची, पाककला वगैरे असे. त्या वर्षी सेक्रेटरींनी मनावर घेतलं. “संगीतखुर्ची पुरे झाली. पोरांच्या डोक्याला चालना मिळाली पाहिजे.” वादविवाद स्पर्धा ठरली. विषय त्यांनीच दिला : महाविद्यालयीन प्रवेशात आरक्षण असावे की नसावे. सीईटी होऊन गेली होती, पोरं रिकामी होती. त्यांचा मुलगा बोलणार हे नक्कीच होतं. पण बाहेरून कुणीतरी हवं म्हणून त्यांनी भाचीचंही नाव घातलं. “बोलू दे की तिला. तिचीही बाजू कळू दे.” मी अर्थातच आभार मानले.

परीक्षक म्हणून जवळच्याच, केळीच्या वाड्यांच्या निर्मळ गावचे एक निवृत्त मास्तर बोलावले होते. ते स्कूटरवरून आले, मागे चौरंगाला बांधायचे केळीचे खांब घेऊन. निर्मळच्या माणसाला बोलावलं की केळी बरोबर येणारच. पूजा झाल्यावर मास्तरांनी विचारलं, कोण कुठल्या बाजूने. सेक्रेटरी म्हणाले, ज्याला जे वाटतं त्या बाजूने. मास्तर म्हणाले, “छे. मग तो वादविवाद कसला? ते तर भांडण.” आणि प्रसादाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. भाचीला निघालं ‘नसावे’, सेक्रेटरींच्या मुलाला ‘असावे’. सेक्रेटरी म्हणाले, परत टाकू. मास्तर म्हणाले, “परत टाकायची असेल तर परीक्षकही परत शोधा.”

चिठ्ठ्यांचं हे वाचणाऱ्याला मी आधीच सांगून टाकतो, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा सेक्रेटरींच्या झब्ब्यावर चहा सांडला होता आणि मी जिन्याखाली इस्त्री पेटवत होतो. झब्बा घेऊन मांडवात आलो तेव्हा भाची माईकपुढे उभी होती.

आमच्याकडची एक रीत सांगतो. पूजेच्या मांडवात माणूस जपून बोलतो. देव बसलेला असतो. तिथे बोललेलं मागे घेता येत नाही. माझ्या वडिलांनी एकदा भर पूजेत सहज म्हटलं, “आता तंबाखू बंद करावी.” मरेपर्यंत ते नुसताच चुना मळत राहिले.

आणि माझी भाची चौरंगापासून चार हातांवर उभी राहून म्हणत होती, “कुबड्या दिल्या की माणूस आपले पाय विसरतो! मला जागा हवी, पण माझ्या मार्कांची. आज्याने सोसलं म्हणून नातीला सीट, हा कुठला न्याय?”

वाक्यं ओळखीची होती. शर्टांच्या मागे बसून दोन वर्षं ऐकलेली, सेक्रेटरींची, त्यांच्या थांबण्यासकट. बोटसुद्धा तिने तसंच उगारलं. “उद्या तुमच्या इमारतीचा पाया मार्कांवरच्या इंजिनिअरने घातलेला हवा की दाखल्यावरच्या?” मांडव टाळ्यांनी दणाणला. आमच्या इमारतीला बांधल्यापासून तडे होते आणि तिचा इंजिनिअर कशावरचा होता हे कुणालाच माहीत नव्हतं, पण टाळ्या जोरदार पडल्या. सेक्रेटरी तर उभे राहिले. स्वतःचंच भाषण इतकं चांगलं त्यांनी आधी कधी ऐकलं नसावं.

मग त्यांचा मुलगा उठला. तो जरा अडखळत बोलणारा. म्हणाला, “मी अभ्यासाला बसलो की आमच्याकडे टीव्ही बंद होतो. आई कुकरच्या शिट्ट्यासुद्धा हळू करता येतात का बघते.” लोक हसले. “मला ऐंशी टक्के पडतील. जिन्याच्या दिव्याखाली बसून कुणाला पंचाहत्तर पडले, तर जास्त कुणाला पडले? हे गणित मला क्लासमध्ये शिकवलं नाही.” लोक हसायचे थांबले. दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. चेहरा पुसायला हातात सेक्रेटरींचा झब्बा होता, तोही परत इस्त्रीला आला.

पहिलं बक्षीस भाचीला, दुसरं त्याला.

घरी येताना मला राहवेना. शेवटी विचारलं, “बाई, तू हे काय बोललीस?”

“का? वाईट झालं?”

“देवासमोर नको म्हणालीस जागा. आता घेणार कशी?”

ती रस्त्यात थांबून हसली. “मामा, चिठ्ठी होती. नसावे आलं म्हणून नसावे बोलले. असावे आलं असतं तर असावे बोलले असते.”

“देवाला चिठ्ठी दाखवलीस का?”

“अहो मामा!”

माझी बायको चार घरच्या पोळ्या करून आलेली, तिने फक्त विचारलं, “बक्षीस काय दिलं?” भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते तिने लगेच लावलंही.

पण चिठ्ठीचं कळल्यावरही माझी भीती गेली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिला सोबतच मिळाली. सेक्रेटरी सकाळी स्वतः खाली आले. “काय रे, भाची आहे की कोण! इतक्या जणांसमोर स्वतःच्या तोंडाने नको म्हणाली. याला म्हणतात स्वाभिमान. आता तिला सांग, ओपनमधूनच लढ. सोसायटी सत्कार करेल. शाल, नारळ, सगळं.”

मला वाटलं, आता बोललं पाहिजे, आणि मला बोलायला येतं ते एकच. मी हात जोडले. “साहेब, उपकार तुमचेच. तुमच्या मुलाने देवासमोर सांगितलं, की जागा तिची आहे. एवढ्या मोठ्या मनाचं पोर! तुमचे संस्कार.”

सेक्रेटरींचा चेहरा पडला. “अरे, ती चिठ्ठी होती. त्याला असावे आलं म्हणून बोलला बिचारा.”

“मग भाचीलाही चिठ्ठीच—”

“तिचं वेगळं! ती मनापासून बोलली. कळतं ना बोलण्यावरून.”

“हो साहेब,” मी म्हटलं. “पण तुमचा मुलगाही मनापासूनच बोलला. आणि वहिनीसुद्धा दोन वर्षं नोट्स पाठवतात, चादरीत घालून, तेव्हा मी समजलोच होतो, की तुमच्या घरात सगळ्यांचं मत—”

इथे मी थांबलो, पण उशीर झाला होता. आभार मानता मानता माणूस किती लांब वाहवत जातो ते मला त्या दिवशी कळलं. सेक्रेटरी वर गेले. तो आठवडा त्यांच्या घरचे कपडे आले नाहीत. ते चुरगळलेल्या शर्टात कामावर जाताना दिसायचे आणि मी एकेक सुरकुती मोजायचो. आता जिन्याखालची जागा जाते, असं धरूनच मी चाललो होतो. बायकोला म्हटलंही, गावी जायचं झालं तर टेबल विकता येईल. ती म्हणाली, “आधी तोंड विका.”

मग वहिनी खाली आल्या, आठवड्याभराचं भलं मोठं बोचकं घेऊन.

“वहिनी, माझ्यामुळे तुम्हाला—”

“काही झालं नाही. मी सांगितलं त्यांना, मीपण एक चिठ्ठी उचलली होती असं समजा. आणि हे बघ, कांजी कमी घाल, मान कापते त्यांची.”

जागा राहिली. पण सोसायटीला भाचीचा शब्द सोडवेना. येताजाता तिला लोक थांबवत. चौथ्या मजल्यावरचे काका पाहुण्यांना दाखवत, “हीच ती. स्वतः नको म्हणते. यांच्यातलेच असे निघाले पाहिजेत.” आणि भाची, जी रस्त्यात थांबून माझ्या भीतीला हसली होती, ती हळूहळू हसायची बंद झाली. सतरा-अठरा वर्षांचं वय. तोपर्यंत तिच्याकडे मान वर करून कुणी बघितलं नव्हतं आणि आता कौतुक होत होतं. बारावीचा निकाल चांगला लागला, सीईटीतही नंबर बरा आला. ओपनमधून पाहिजे ते कॉलेज मिळावं इतका मात्र नव्हता. तरी एका संध्याकाळी शर्टांच्या मागून आवाज आला, “मामा, समजा ओपनमधूनच घेतली तर?”

“मिळेल?”

“लांबचं कुठलंतरी खाजगी मिळेल.”

“फी?”

वही मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “लोक म्हणतात, दाखल्यावर गेलेल्याला तिथे वेगळं बसवतात. मी बोललेय ना आता सगळ्यांसमोर. उद्या घेतली तर काय म्हणतील?”

देवाची भीती मला होती, लोकांची तिला. दोन्ही एकाच मांडवातून आलेल्या. चिठ्ठीत आलेलं वाक्य खरं व्हायला लागलं होतं.

मी एस.टी.डी. बूथवर जाऊन गावच्या दुकानात फोन लावला, बहिणीला बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काय बोलायलास तू? टाळ्या वाजवल्या म्हणून जागा सोडायली का ती?”

“अक्का, देवासमोर बोलली.”

“देवाला बाकीची कामं नाहीत व्हय? त्या दाखल्यासाठी हापिसात दिवसदिवस उभी ऱ्हायले मी. तिथल्या बाबूनं सुदीक ‘तुमाला काय, फुकटच मिळतंय’ म्हणून सुनावलं. ते ऐकून घेतलं मी. आता त्या साहेबांचंबी ऐकू का? टाळ्या फीला चालतेत का इचार तिथं. चालत असल्या तर सोड म्हणावं.”

फोन तिने ठेवला. तरी माझी रुखरुख जाईना. बहिणीला शहाणपण होतं, पण पूजेचा अधिकार नव्हता. रविवारी सायकल काढली आणि निर्मळला मास्तरांकडे गेलो. मास्तर वाडीत केळीची वाळकी पानं काढत होते. त्यांनी आत बायकोला त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी सांगितलं. त्यातला ‘चा’ तेवढा मला कळला. मी विचारलं, मांडवात बोललेला शब्द सोडवायचा काही विधी असतो का? उद्यापन वगैरे?

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग इतके हसले की विळा खाली ठेवावा लागला.

“अहो, उभी हयात स्पर्धा घेतल्या मी. हुंडाबंदीवर पहिला आलेला पोरगा माझ्या डोळ्यांदेखत सासऱ्याच्या स्कूटरवर बसून वरातीतून गेला. ‘खेड्याकडे चला’वर ढाल जिंकलेला दुबईला आहे. देवाने वादविवादातलं मनावर घ्यायचं ठरवलं, तर या तालुक्यात शिकलेला माणूस शिल्लक राहायचा नाही.”

“पण पोरीच्या मनाने घेतलंय मास्तर.”

तेव्हा मात्र ते हसायचे थांबले. “ते वाईट,” म्हणाले. “चांगलं बोलणाऱ्याला तो धोका असतोच. तिला मी पहिलं द्यायला नको होतं.” एवढंच. आणि ते परत पानं काढायला लागले. जाताना त्यांनी केळ्यांची फणी दिली. मी आभार मानले.

प्रवेशाच्या दिवशी आम्ही मुंबईला गेलो. एका मोठ्या कॉलेजच्या हॉलमध्ये मुलांना गुणानुक्रमे आत बोलवत होते. फळ्यावर कॉलेजं आणि उरलेल्या जागा, ओपनच्या वेगळ्या, राखीव वेगळ्या. आत गेलेल्याने तिथल्या तिथे जागा सांगायची. पालकांनी बाहेर थांबायचं. सेक्रेटरीही मुलाला घेऊन आले होते. त्याचा नंबर बराच मागे होता, भाचीच्याही मागे. या गोष्टीचा उल्लेख दोन्ही बाजूंनी कुणी केला नाही.

“अजून ओपनमध्ये दोन-तीन ठिकाणी शिल्लक आहे म्हणतात,” सेक्रेटरी भाचीला म्हणाले. आवाजात खरोखर माया होती. “बघ पोरी, तुझ्यासारखीनेच करून दाखवलं पाहिजे.”

भाचीने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. फाइल छातीशी धरून ती भिंतीला टेकली.

मी संभाषण चालू ठेवायचं म्हणून विचारलं, “साहेब, आपल्या मुलाचा नंबर लागेल ना?”

“लागला तर उत्तम. नाहीतर पनवेलकडे एका ठिकाणी बोलणं झालंय. मॅनेजमेंटच्या जागा असतात.”

“त्या कशावर मिळतात?” मी विचारलं. खरंच माहीत नव्हतं मला.

“त्या...” सेक्रेटरींनी चष्मा पुसला. “त्यांची पद्धत वेगळी असते.”

“देवाची कृपा,” मी म्हणालो. “सगळ्यांसाठी काहीतरी सोय असतेच.”

त्यांचा मुलगा खोकला. मग भाचीला म्हणाला, “ए, मेकॅनिकल नको घेऊस, वर्कशॉपमध्ये उन्हाळ्यात मरशील.” त्या दिवसातलं आम्हाला मिळालेलं कामाचं बोलणं तेवढंच. तेवढ्यात भाचीचा नंबर पुकारला आणि ती आत गेली.

किती वेळ गेला ते सांगत नाही, कारण मला तो नीट आठवतही नाही. मी बहिणीला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. एकदा मिळाल्याचं, एकदा न मिळाल्याचं. न मिळाल्याचं जास्त चांगलं जुळत होतं.

ती बाहेर आली. हातात पावती.

“कुठली?”

“सरकारी. राखीवमधून. इलेक्ट्रॉनिक्स.”

मी पावती कपाळाला लावली. मग भीत भीत विचारलं, “काही म्हणाले का आत?”

“विचारलं, कुठली घेणार. सांगितली. शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.” ती जरा नवल वाटल्यासारखी उभी होती. “मामा, कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.”

सेक्रेटरी पुढे आले. “घेतलीस शेवटी,” म्हणाले.

“हो काका,” ती म्हणाली. पावती तिने फाइलमध्ये ठेवली. शालीचा विषय त्यानंतर निघाला नाही. शेवटी ते म्हणाले, “बरं झालं. अभ्यास कर आता,” आणि मला वाटतं, तेही ते मनापासूनच बोलले. मी त्यांचे आभार मानले. त्या वेळी कशाबद्दल मानले ते मला आजही सांगता येणार नाही.

कॉलेजच्या फाटकाबाहेर आम्ही वडापाव घेतला. भाचीने दोन खाल्ले, तिसरा सांगितला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलेलं, ते पुसत म्हणाली, “मामा, खरं सांगा. माझं भाषण चांगलं झालं होतं ना?”

“फार चांगलं झालं होतं,” मी म्हणालो. “मला तर अजून पटतंय.”

“मलापण पटतं मधूनमधून,” ती म्हणाली. “म्हणून तर आत गेल्यावर आधी जागा घेतली. विचार काय, नंतरही करता येतो.”